पहिल्या दिवसाचं ऊन

यादीत सगळ्यात वर जेनीननं लिहिलं होतं, मुदत बघून घे. म्हणून मी बघितली. औषधांच्या दुकानात सनस्क्रीनच्या बाटल्यांची एक अख्खी भिंत आहे. तिच्यासमोर उभं राहून मी एक बाटली उलटी केली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि बुडाशी ठोकलेले बारीक आकडे वाचले. अजून दोन वर्षं चार महिने. बरं झालं, पुढच्या खेपेलाही चालेल, असं मनात आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं. जेनीनला डॉक्टरांनी थंडीपर्यंतचे दिवस दिले आहेत. थंडी म्हणजे आमच्याकडे जून. म्हणजे ही प्लास्टिकची बाटली कुणाच्या तरी बाथरूममधल्या फळीवर तिच्यामागे दीड-दोन वर्षं उभी राहणार आणि तरी चांगलीच असणार. मी ती जागेवर ठेवली. दुसरी उचलली. तिची मुदत आणखी लांबची. तिसरीची त्याहून लांबची. मग मला काय झालं कोण जाणे, मी एकेक बाटली उलटी करत सुटलो, निळ्या, पिवळ्या, लहान मुलांच्या, खेळाडूंच्या. एक तरी जूनच्या आत संपणारी निघेल म्हणून शोधत राहिलो. काउंटरवरची मुलगी शेवटी जवळ आली. "काय हवंय, काका?" म्हणाली. "याच्याहून लवकर संपणारी आहे का?" मी विचारलं. तिला वाटलं म्हातारा चिक्कू आहे. "मुदत संपत आलेल्या त्या टोपलीत टाकल्यात, निम्म्या किमतीला," ती म्हणाली, "पण खरं सांगू, मी त्या माझ्या कुत्र्यालासुद्धा लावायची नाही." मी हसलो. तीही हसली. मी दोन मोठ्या बाटल्या घेतल्या, त्यातल्या त्यात पुढे ठेवलेल्या होत्या त्या, आणि कार्ड तिच्यासमोर ठेवलं.

जेनीन माझी मुलगी, चव्वेचाळीस वर्षांची. मार्नी तिची मुलगी, आठ वर्षांची. ख्रिसमस उरकला की सोमवारी मी मार्नीला घेऊन वुडगेटला समुद्रावर जायचं, दहा दिवस राहायचं, असं ठरत आलं होतं. ठरलं होतं असं मी म्हणत नाही. जेनीनला तेवढे दिवस ब्रिस्बेनच्या इस्पितळात काढायचे होते, आणि शेवटचा होकार तिनं स्वतःकडे ठेवला होता. तिचा नवरा ट्रॉय होबार्टचा, दक्षिणेतल्या बेटावरचा. त्याचे आईबाप तिथे आहेत, घर मोठं आहे, आणि नंतर तो मार्नीला घेऊन तिकडेच जाणार. हा 'नंतर' शब्द आमच्या घरात सगळे वापरतात आणि त्याच्या पुढे कुणी काही बोलत नाही. तो खालच्या टोकाला, मी इथे इप्सविचमध्ये वरच्या टोकाला, मध्ये अख्खा देश आणि वर समुद्र. गेल्या महिन्यात जेनीन मला म्हणाली होती, "हे दहा दिवस नीट गेले ना, तर मी ट्रॉयला लिहून ठेवते की दर उन्हाळ्यात मार्नी तुझ्याकडे येईल. मी लिहिलेलं तो मोडायचा नाही." ट्रॉय मोडणार नाही हे मलाही ठाऊक आहे. तो असा माणूस आहे की दुकानातली ढकलगाडीसुद्धा जागेवर नेऊन लावतो. तेव्हा सगळं माझ्यावर होतं. बहात्तराव्या वर्षी मला परीक्षेला बसवलं होतं, आणि माझ्या नातीनं मला पुन्हा दिसायचं की नाही हे त्या परीक्षेवर ठरणार होतं. यादी म्हणजे प्रश्नपत्रिका. बाकी प्रश्न येणार नाहीत अशा समजुतीत मी होतो.

यादी दोन पानी. मुदत बघून घे. गाडीच्या कप्प्यात बाटली ठेवू नकोस, तापून खराब होते. पूर्ण बाह्यांचे पोहायचे शर्ट दोन, एक वाळेपर्यंत दुसरा. मानेवर झालर असलेली टोपी, नुसती पुढे चोच असलेली नको. चष्मा दोरीचा. नाकाला ऊन अडवणारी झिंकची रंगीत कांडी, रंग मार्नीला विचार. वाळूवर लावायचा तंबू, छत्री नको, छत्रीखाली ऊन वाळूवरून वर येतं. दहा ते तीन आत. लावल्यावर वीस मिनिटं थांब. दर दोन तासांनी पुन्हा, ढग असले तरी, ढग असले तर जास्तच. प्रत्येक हाताला एक चमचा, प्रत्येक पायाला एक चमचा. चमच्याखाली तिनं रेघ मारली होती, आणि रेघ इतकी दाबून मारली होती की मागच्या पानावर उठली होती. मी गाडीच्या टपावर यादी पसरून पुन्हा वाचली. टप इतका तापला होता की कोपर टेकवता येईना. फोनवर उन्हाच्या तीव्रतेचा आकडा तेरा दाखवत होता, अकराच्या पुढे सगळ्यात वाईट. मी तो आकडा हल्ली रोज सकाळी बघतो. बघून काय करायचं ते कळत नाही, पण बघतो. आमच्या वेळी ऊन म्हणजे ऊन होतं, त्याला आकडा नव्हता.

मी त्रेचाळीस वर्षं पत्र्याची छपरं बसवली. इप्सविचपासून गॅटनपर्यंत अशी एक गल्ली नसेल जिथे माझ्या हातचा पत्रा नाही. जानेवारीच्या भर दुपारी छपरावर उघड्या अंगानं उभा राहायचो, नवा पत्रा आरशासारखा डोळ्यात जायचा, वरून एक ऊन आणि खालून दुसरं. मला काय झालं? कानाच्या पाळीवर दोन खवले, नाकावर एक, डॉक्टरनं थंडगार फवारा मारून जाळून टाकले, पाच मिनिटांचं काम. कातडी जुन्या बुटासारखी झाली आहे, एवढंच. आणि जी मुलगी हिशेबनीस झाली, जिनं वीस वर्षं वातानुकूलित खोलीत बसून काम केलं, तिच्या डाव्या खांद्याच्या मागे मसुरीएवढा डाग निघाला, तिला स्वतःला दिसणार नाही अशा जागी. तो केस कापणाऱ्या बाईला दिसला. तोपर्यंत तो आत उतरला होता. मला याचा राग येतो, पण कुणावर काढायचा हे ठरत नाही. तपासणीच्या वेळी मी खुर्चीवर बसलो होतो. डॉक्टरीण तरुण होती, तिनं जेनीनला विचारलं, लहानपणी फोड येईपर्यंत कधी भाजलात का? जेनीन म्हणाली, "दरवर्षी एकदा." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. मीच बाहेर पडताना दारात थांबून डॉक्टरणीला विचारलं की त्याच्यामुळेच झालं का. ती म्हणाली, एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून सांगता येत नाही. ते वाक्य मी घरी आणलं. दीड वर्ष झालं, रात्रंदिवस ते माझ्याजवळ आहे. एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही. फरशी पुसताना म्हणतो, गाडी चालवताना म्हणतो, आणि म्हणून झालं की तिचं 'दरवर्षी एकदा' ऐकू येतं.

दरवर्षी एकदा. कारण आमच्या घरी, आमच्याच काय, गल्लीतल्या सगळ्यांच्या घरी, सुटीचा पहिला दिवस भाजून घेण्यासाठी असायचा. वुडगेटला पोचलो की पोरांना उन्हात सोडून द्यायचं, चांगली लाल होऊ द्यायची, म्हणजे एकदाचं काय ते उरकतं. साल निघते, खालून तांबूस कातडी येते आणि मग उरलेली सुटी कटकट नाही. माझ्या बापानं मला असंच केलं, त्याच्या बापानं त्याला. वर खोबरेल तेल लावायचं, रंग चांगला चढतो म्हणून. ते मी लावायचो, माझे हात मोठे, एका पशात पाठ व्हायची. त्या संध्याकाळी पोरं टेबलपंख्यासमोर पालथी पडून कण्हायची. डॅफ्नी, माझी बायको, गार चहात कापूस बुडवून त्यांच्या पाठी पुसायची आणि माझ्यावर पुटपुटायची, पण तिच्याही माहेरी हेच होतं. तंबूतल्या तंबूत गार चहाचा वास भरून राहायचा. दुसऱ्या दिवशी शर्ट घालवत नसे. पाचव्या-सहाव्या दिवशी खाज सुटायची, आणि मग खरी मजा यायची, सालपटांची स्पर्धा. आमच्या तंबूतली, शेजारच्या तंबूतली, सगळी पोरं रांगेत उभी. पंच मी. नियम दोन, ओढाओढ करायची नाही आणि मध्ये तुटलं की बाद. कामाचा मोजपट्टा मी कमरेचा काढून सुटीतही बरोबर नेत असे, तो लावून मोजायचं. ज्याचं सालपट सगळ्यात लांब, त्यानं टपरीवर जाऊन आधी आइसफ्रूट निवडायचं. जेनीन नऊ वर्षांची असताना तिनं सगळ्यांना मागे टाकलं. एकोणीस सेंटिमीटर. खांद्यापासून खाली, एकही भोक न पडता. मी स्वतः सोडवलं ते. "हळू, डॅड, हळू," म्हणत ती श्वास धरून उभी होती, सगळी पोरं भोवती गप्प, आणि माझी ही पत्रे उचलणारी बोटं, यांना तेवढं एक नाजूक काम फार सुरेख जमायचं. उजेडात धरलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं दिसत होतं. तिनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. आयुष्यात मी तिला बरंच काही दिलं, शाळा, गाडी, लग्नाचा मांडव. पण इतकी खूश मी तिला पुन्हा कधी बघितली नाही. हे मी आता कुणाला सांगू? ज्याला सांगावं त्याच्या डोळ्यांत आधी भीती दिसते. म्हणून गेल्या रविवारी, जेनीन आत झोपली होती आणि मार्नीला कंटाळा आला होता तेव्हा, मी ते मार्नीला सांगितलं. मोजपट्ट्यासकट, आरोळीसकट. ती पोट धरून हसली. "ई, पॉप," म्हणाली, "आईचं कातडं?" आणि पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

शनिवारी सकाळी दहाला जेनीन पिशवी तपासायला येणार होती. मी शुक्रवारी दुपारीच सगळं पलंगावर मांडलं. निळे शर्ट दोन. टोपी, झालरीची. चष्मा, दोरीचा. झिंकच्या कांड्या तीन, जांभळी, हिरवी, गुलाबी, कारण विचारल्यावर मार्नी तीन रंग म्हणाली. तंबू मी मागच्या अंगणात दोनदा लावून बघितला होता आणि दोन्ही वेळा शेजारच्या बेरिलनं कुंपणावरून विचारलं होतं की घरातून हाकललं की काय. चमचा मी स्वयंपाकघरातला नाही घेतला, औषधाचा नवा आणला, मापाची रेघ असलेला. दोन तासांचा गजर लावायला एक छोटं घड्याळ. बाटल्या बर्फाच्या पेटीत राहतील, त्यांच्यासाठी डॅफ्नीनं शिवलेली एक जाड पिशवी सापडली. सगळं घडी घालून भरलं, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. भरताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. हे काम करण्यासारखं होतं. इस्पितळात माझ्या हाताला काही काम नसतं, मी तिथे पाण्याचा पेला इकडून तिकडे करतो. इथे निदान प्रत्येक वस्तू कुठल्यातरी उन्हाला कुठेतरी अडवणार होती. मग टोपी हातात धरून मी पलंगावर बसलो आणि मला कळलं की हे सगळं मी चाळीस वर्षं उशिरा भरतो आहे, चुकीच्या मुलीसाठी. पिशवीत सगळं होतं आणि जिला द्यायचं ती नव्हती. मी उठलो आणि चेन लावली.

ती आली ती ट्रॉयच्या हाताला धरून. ट्रॉय गाडीशीच थांबतो म्हणाला, होबार्टला फोन करायचा होता. जेनीन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. तिचे खांदे इतके उतरले आहेत की शर्ट हँगरवर असल्यासारखा दिसतो. मार्नी दारातून आत येतानाच टोपी काढून खुंटीला लावत होती. या पोरांना ते शिकवावं लागत नाही, शाळेतच 'टोपी नाही तर खेळ नाही', बूट घालावेत तशी टोपी घालतात. जेनीननं पिशवी टेबलावर उघडली आणि यादीशी एकेक वस्तू ताडून बघितली. बाटल्या उलट्या करून मुदत वाचली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघणार नव्हतो, पण बघितलं. तिथे काही हललं नाही. "गजराचं घड्याळ यादीत नव्हतं," ती म्हणाली.

"ते माझ्या डोक्यातलं," मी म्हणालो. "मी बोलण्याच्या नादात विसरतो."

"हे ठाऊक आहे तर तुला." ती थोडी हसली. खूप दिवसांनी हसली. माझ्या जिवात जीव आला. "आता लावून दाखव."

"काय?"

"मार्नीला लावून दाखव. माझ्यासमोर. तुझा हात कसा चालतो बघू दे."

मार्नी ताबडतोब स्टुलावर चढली, बाह्या वर करून, बाहुलीसारखी हात लांब धरून. मी हात धुतले. चमचा घेतला, रेघेपर्यंत भरला. "आधी कान," जेनीन म्हणाली, "कान सगळे विसरतात." मी कान केले, पाळीच्या मागे, मग मान, केसांच्या रेषेत. "पॉप, तुझे हात खरखरीत आहेत," मार्नी म्हणाली. "अंग घासायला दगड लागणार नाही तुला," मी म्हणालो. उजवा हात घेतला, खांद्यापासून मनगटापर्यंत, मग बोटांच्या बेचक्यात. जेनीन बघत होती. मी फार हळू करत होतो. पांढरा थर कातडीत जिरत नाही तोपर्यंत मी सोडत नव्हतो, आणि ते जमत होतं, मला जमत होतं. "छान," जेनीन म्हणाली, आणि खुर्चीला पाठ टेकली. डोळे मिटले. मी दुसरा चमचा भरायला बाटली उचलली. मनात मी वुडगेटला पोचलोसुद्धा होतो. मार्नी नऊची, दहाची, बाराची झालेली, दर डिसेंबरला विमानातून उतरणारी.

"पण पॉप," मार्नी म्हणाली, "सगळीकडे हे लावल्यावर आपली स्पर्धा कशी होणार?"

पंख्याचा आवाज येत होता. जेनीननं डोळे उघडले नाहीत. "कसली स्पर्धा?" तिनं विचारलं.

"सालपटांची. तुझा पहिला नंबर आला होता ना? एकोणीस सेंटिमीटर. पॉप नक्कल करून दाखवतो, तू कशी ओरडलीस ती." आणि मार्नीनं दोन्ही हात वर केले, एक मलमानं चकचकीत, एक नुसता, आणि आरोळी ठोकली. हुबेहूब माझ्यासारखी.

जेनीन हसली. आधी मला वाटलं खोकला आला, पण ती हसतच होती, डोळे पुसत होती. "आइसफ्रूट मी लिंबाचं घेतलं होतं," ती म्हणाली. "अर्धं वाळूत पडलं. मार्नी, राणी, बाबा काय करतोय बघून ये. त्याला म्हणावं दहा मिनिटं." मार्नी खुंटीवरची टोपी घालून गेली. जाळीचं दार आपटलं. जेनीन माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघत नव्हती. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, मला भांडता येतं.

"अजून तू ती गंमत म्हणून सांगतोस, डॅड."

"कंटाळली होती ती. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

"दोनदा सांगितलंस. तिनं मला गाडीत येताना अर्धं सांगितलंच होतं, मला वाटलं ती काहीतरी घोळ घालतेय."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं, जेनीन? सगळेच करायचे. तुझी आई—"

"टीव्हीवर रोज सांगत होते, डॅड. शर्ट घाला, टोपी घाला, क्रीम लावा. मला तोंडपाठ होतं. तुलाही होतं. ते मोठ्यानं म्हणत म्हणत तू माझ्या पाठीला तेल लावायचास आणि आम्ही सगळे हसायचो." तिनं टेबलावरचा चमचा उचलला, त्याला लागलेलं मलम बाटलीच्या तोंडाशी पुसलं. "पण ते जाऊ दे. ते मी तुला कधीच माफ केलंय. मला आवडायचं ते. वर्षभर मी त्या दिवसाची वाट बघायची. मला वाटतं ते आठ-दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि तेच मला खातात. रात्री मी त्यांच्याकडे बघू शकत नाही." ती थांबली, तिला दम लागला होता. "माझं जाऊ दे. तू सांगताना तुला भीती वाटली का? एवढंच सांग. नक्कल करताना, मोजपट्टा सांगताना, मध्येच कुठे पोटात काही झालं का तुझ्या?"

मी खोटं बोलू शकलो असतो. जिभेवर आलं होतं. पण ती हिशेबनीस आहे, समोरच्याच्या तोंडाकडे बघून तिला कळतं. खरं हे होतं की सांगताना मला आनंद झाला होता. दीड वर्षात पहिल्यांदा, त्या दहा मिनिटांत, माझी जेनीन नऊ वर्षांची होती, धडधाकट, आणि मी तिला हात लावत होतो. मी बाटलीचं झाकण फिरवून लावलं. माझ्या तळव्यावर मलम वाळत होतं.

"यादी तू पाळशील," ती म्हणाली. "दहा दिवस तू गजर लावून पाळशील, मला शंका नाही. पण अकराव्या दिवशी, पुढच्या वर्षी, मी नसताना, कधीतरी आभाळ येईल, ती म्हणेल पॉप आज नको ना, आणि तू म्हणशील बरं, राहू दे. कारण तुझ्या आत कुणी ओरडणार नाही. ट्रॉयच्या आत ओरडतं. त्याच्या आईच्या आत ओरडतं, ती बाई तर मार्नीला व्हरांड्यातही टोपी घालते, हसू येतं बघून. पण मार्नीजवळ मला तीच बाई हवी आहे."

"म्हणजे सोमवारी—"

"ट्रॉय आत्ता तेच विचारतोय तिकडे, तिकीट मिळतं का. मी त्याला येतानाच सांगितलं होतं, मार्नीचा घोळ नसेल तर तिच्याबरोबर 'दहा मिनिटं' असा निरोप धाडते, मग फोन लाव म्हणून. घोळ नव्हता." ती उठली, टेबलाला धरून. मी हात पुढे केला, माझ्या हाताला मलम होतं, ती तरी धरून उठली. "तुझ्यावर माझं फार प्रेम आहे, डॅड. ते कमी झालं म्हणून हे नाही." मग पिशवीची चेन तिनं लावली आणि पिशवी थोपटली. "ही मात्र नेते. फार चांगली भरली आहेस."

मला पाया पडावंसं वाटलं. पुन्हा विचार कर, एकच वर्ष दे, दोन दिवस दे, बेरिलला बरोबर घेतो. असं म्हणावंसं वाटलं, पण मी पिशवी उचलली आणि गाडीपर्यंत नेली. ट्रॉयनं डिकी उघडून धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी, क्लाइव्ह." मी म्हणालो, बाटल्या गाडीत ठेवू नकोस, तापतात. तो म्हणाला, हो. मार्नी मागच्या सीटवर बसली होती. तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. "सोमवारी गुलाबी कांडी आधी," ती काचेतून ओरडली. मी मान हलवली. काय करायचं होतं मी?

जेनीन पुढे बसली. ट्रॉयनं गाडी सुरू केली, ती हळूहळू मागे सरकून रस्त्यावर आली, आणि तोंड फिरल्याबरोबर मागच्या खिडकीतून ऊन सरळ मार्नीच्या डाव्या हातावर पडलं. तो हात राहिला होता. दुसरा चमचा मी भरला नव्हता. खांद्यापासून मनगटापर्यंत तो उघडा हात उन्हात पडला होता, त्याच्यावरची लव चमकत होती, आणि ती टेकून खुशाल माझ्याकडे बघत होती. मी धावलो. काचेवर थापा मारल्या, काचेवर पांढरे पंजे उठले. ट्रॉयनं ब्रेक दाबला. "तो हात," मी म्हणालो, "तो हात राहिलाय, तिच्यावर काहीतरी टाका, टॉवेल टाका." मी मोठ्यानं बोलत होतो, माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. जेनीननं काच खाली केली. तिनं मागे वळून मार्नीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पुढच्या वळणावर उन्हाची बाजू बदलेल, डॅड," ती म्हणाली. "आत जा तू. तापलंय फार."

मी बाजूला झालो. काच वर गेली. माझ्या आत कुणीतरी ओरडत होतं. त्रेचाळीस वर्षं पत्र्यावर काढून जे कधी वाटलं नव्हतं ते वाटत होतं, एका वीतभर हातावरच्या उन्हासाठी. जेनीनला माझ्याकडून एवढंच हवं होतं. ते आता आलं होतं, आणि गाडी वळून गेली होती.